डीसीएस वर्ल्डमधले आरसे : मागचं खरंच किती दिसतं?

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर गप्पा निघाल्या की फ्लाइट मॉडेल, रडार, क्षेपणास्त्रं यांवर तासन्‌तास वाद होतात. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या छताच्या, कमानीवर लावलेले आरसे मात्र आठवतात ते फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांचा आकडा, कोसळल्यावरच. मग कोणीतरी ‘एम दाब, आरसे बंद कर’ असा सल्ला देतं आणि विषय मिटतो. इथे परीक्षण फक्त त्या आरशांचं आहे. सिम्युलेटर निवडला आहे डीसीएस वर्ल्ड. त्यात आरसा म्हणजे नुसता चकचकीत तुकडा नसतो, विमानामागचं दृश्य तिथे खरोखर दुसऱ्यांदा रंगवलं जातं.

निकाल आधीच सांगतो. हे आरसे दोन्ही बाजूंनी चुकतात. जे झाकलेलं असायला हवं ते उघडं दाखवतात आणि जे बारीक पण स्पष्ट दिसायला हवं ते पुसट करतात. स्वतःच्या विमानाची शेपटी, पंख, ब्रेक पॅराशूट, मागे उमटणारा पांढरा पट्टा हे बघायला उत्तम. मागे लागलेलं शत्रूचं विमान वेळेत हेरायला जवळजवळ निरुपयोगी.

खरा आरसा काय करतो ते आधी आकड्यांत मांडू. १२ सेंटिमीटर रुंद सपाट आरसा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्यात मागचा जेमतेम ११ अंशांचा पट्टा दिसतो. आरसा बहिर्वक्र केला आणि वक्रता त्रिज्या ६० सेंटिमीटर ठेवली, तर तोच पट्टा ३४ अंशांचा होतो. त्याची किंमत म्हणून दूरच्या वस्तूची प्रतिमा तिपटीने लहान होते. १० मीटर पंखविस्ताराचं विमान १ किलोमीटरवर असेल तर थेट बघताना ते ०.५७ अंश, म्हणजे ३४ कलांचं दिसतं. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. अशा आरशात ते ११ कलांचं होईल. चांगली नजर एका कलेपर्यंतचा फरक ओळखते, तेव्हा तिपटीने लहान होऊनही ते विमान खऱ्या वैमानिकाला स्पष्ट दिसेल, २ किलोमीटरवरही दिसेल. आता हाच हिशेब पडद्यावर करून बघा.

२५६० पिक्सेल रुंदीचा मॉनिटर आणि ९० अंशांचा दृश्यकोन धरला, तर चित्राच्या मध्यभागी एका अंशाला साधारण २२ पिक्सेल येतात. आपल्या १२ सेंटिमीटरच्या आरशाच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास पिक्सेल पडतात. म्हणजे कमाल मर्यादा पडद्यानेच घालून दिली. ग्राफिक्स कार्ड कितीही महागडं असलं तरी त्या अडीचशेतच संसार करायचा आहे.

आता डीसीएस आरशात चित्र कसं भरतं ते. सिम्युलेटरसाठी विमान बनवणाऱ्यांच्या फाइलींमध्ये, कॉकपिटच्या स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या ‘मेनपॅनेल इनिट’ नावाच्या लुआ (एक प्रोग्रॅमिंग भाषा) फाइलीत, आरशांसाठी एक छोटा तक्ता असतो. पाटीचा मध्यबिंदू, रुंदी, रुंदी-उंचीचं गुणोत्तर, कलण्याचा कोन, आणि किती जवळपासून किती लांबपर्यंतचं रंगवायचं त्या मर्यादा. मोड, म्हणजे हौशी लोकांनी केलेली भर, बनवणाऱ्यांच्या हातात नेहमी पडणाऱ्या नमुन्यात रुंदी ०.८ मीटर, गुणोत्तर १.५, कल उणे २० अंश आणि लांबची मर्यादा ६० हजार मीटर असते. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हा तक्ता आरशागणिक नसून सगळ्या आरशांना मिळून एकच असतो. कमानीवर तीन आरसे दिसत असले तरी इंजिनाच्या हिशेबी ती एकच रुंद कल्पित पाटी आहे. तिच्यावर मागचं एक चित्र रंगवायचं आणि त्याचे तुकडे तीन चौकटींत बसवायचे, असा मामला आहे.

यातूनच दिसण्यातली सर्वांत मोठी विसंगती येते. खऱ्या कॉकपिटमध्ये डावा आणि उजवा आरसा प्रत्येकी वैमानिकाच्या डोळ्याकडे वळवलेला असतो. दोन्हींत दिसणारे पट्टे काही ठिकाणी एकमेकांवर चढतात, काही ठिकाणी मध्ये फट राहते. इथे मात्र डावीकडून मधे, मधून उजवीकडे चित्र सलग सरकतं, जणू भिंतीवरच्या एकाच खिडकीला तीन गज लावलेत. मागून एखादं विमान डावीकडून उजवीकडे गेलं की ते एका चौकटीतून बाहेर पडून दुसरीत शिरतं. एकाच वेळी दोन आरशांत दोन वेगळ्या कोनांतून ते सापडत नाही.

दुसरी विसंगती आरशात नसलेल्या गोष्टींची. खऱ्या आरशात पहिल्यांदा स्वतःचं हेल्मेट आणि इजेक्शन सीटचा डोक्यामागचा जाड भाग दिसतो. त्यामुळे नेमकी सहा वाजताची दिशा, म्हणजे शेपटीच्या थेट मागची, झाकली जाते. डीसीएसच्या बहुतेक विमानांत आरशासाठी बाहेरचं जग आणि विमानाचं बाहेरचं मॉडेल रंगवतात. खुर्ची नाही, हेल्मेट नाही, कॅनॉपीची मागची चौकट नाही. परिणामी आरसा खऱ्यापेक्षा जास्त मोकळा होतो. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. इथे वैमानिकाला फुकटची सवलत मिळते, आणि ती कुठल्याही सेटिंगने बंद होत नाही. सूर्याचंही तसंच. उन्हाकडे पाठ करून उडताना खरा आरसा डोळे दिपवतो. मॉनिटरवरचा सूर्य आरशातून आला काय नि थेट आला काय, तितक्याच मवाळपणे चमकतो.

आता सेटिंग. ऑप्शन्समध्ये कॉकपिट डिस्प्लेच्या रिझोल्यूशनचा एक पर्याय आहे. त्यात २५६, ५१२, १०२४ हे आकडे आणि ‘एव्हरी फ्रेम’ जोडलेले प्रकार मिळतात. बरेच जण हा पर्याय फक्त कॉकपिटमधल्या पडद्यांसाठी आहे असं समजतात. तो आरशांनाही लागू होतो. ‘एव्हरी फ्रेम’ नसेल तर सगळे डिस्प्ले एका फ्रेमला एक, असे पाळीपाळीने ताजे होतात. हॉर्नेट (एफ/ए-१८सी) विमानात तीन मोठे पडदे आणि आरसा मिळून चार घटक धरले, तर सेकंदाला ६० फ्रेम असताना आरशाची पाळी ढोबळमानाने सेकंदाला १५ वेळा येईल. सरळ उडताना हे जाणवत नाही. सेकंदाला २०० अंशांच्या वेगाने लोळण घेतली, तर आरशातलं क्षितिज दर पाळीला १३ अंशांनी उडी मारतं. आरसा ‘अडखळतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. दोष ग्राफिक्स कार्डाचा नसतो.

रिझोल्यूशन किती ठेवावं? डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर ०.८ मीटर रुंद पाटी म्हणजे साधारण ६७ अंश. ५१२ पिक्सेल त्यावर पसरले तर एका अंशाला साडेसात, तीन आरशांत वाटले तर प्रत्येकाला १७०. पडद्यावर आरसा अडीचशे पिक्सेलचा आहे, म्हणजे ५१२ वर चित्र ताणलं जाणार आणि धूसर दिसणार. १०२४ घेतलं की प्रत्येक आरशाला ३४० मिळतात आणि पडद्याची गरज पुरी भागते. १ किलोमीटरवरचं ते १० मीटरचं विमान ५१२ वर सुमारे ४ पिक्सेलचं, १०२४ वर पडद्याच्या मर्यादेत ६ पिक्सेलचं होईल. २ किलोमीटरवर ३ पिक्सेल. मान वळवून थेट बघितलं तर १ किलोमीटरवर तेच विमान १३ पिक्सेलचं, आणि दृश्यकोन ४० अंशांपर्यंत आवळला तर ३५ पिक्सेलचं. म्हणून आरशात शत्रू शोधत बसणं हे उजेडात पडलेली सुई अंधारात शोधण्यापैकी आहे. हेड ट्रॅकर, म्हणजे डोक्याची हालचाल टिपणारं उपकरण, असेल तर मान वळवा, नसेल तर जॉयस्टिकच्या हॅटवर, म्हणजे माथ्यावरच्या छोट्या दिशा-कळीवर, मागे बघायचं बटण ठेवा.

१०२४ निवडावंच, पण ‘एव्हरी फ्रेम’ विचार करून. २५६ ला हात लावू नये. त्यात आरसाच काय, कॉकपिटच्या पडद्यांवरची अक्षरंही वाचता येत नाहीत.

आरशांचा भार मोजायची रीत सोपी आहे, पण लोक चुकीच्या जागी मोजतात. समुद्रावर ८ हजार मीटर उंचीवर एम दाबून ‘काहीच फरक नाही’ म्हणणं व्यर्थ आहे, कारण मागे रंगवायला पाणी आणि आकाश यांशिवाय काही नसतंच. असं करा. इमारती आणि उभी विमानं असलेल्या तळावर इंजिन आधीच चालू असलेल्या स्थितीत सुरुवात करा, विमानाची शेपटी त्या गर्दीकडे ठेवा. उजवा कंट्रोल आणि पॉझ दाबून फ्रेम मोजणी सुरू करा. नजर समोर, आरसे चौकटीत. आकडा स्थिर झाला की लिहून घ्या, एम दाबा, पुन्हा लिहून घ्या. सेकंदाला किती फ्रेम त्यापेक्षा एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात ते बघा, कारण भार मिलिसेकंदांत मोजला की तुलना करता येते. समजा आरसे २ मिलिसेकंद खातात. ६० फ्रेमवाल्याचा १६.७ चा १८.७ होतो, म्हणजे ५३ फ्रेम. ९० फ्रेमवाल्याचा ११.१ चा १३.१ होतो, म्हणजे ७६. दोन्हीकडे भार तितकाच, पण डोळ्यांवर चढवायच्या ९० फ्रेमच्या व्हीआर हेडसेटवर तो जास्त बोचतो, कारण ११.१ ची वेळ चुकली की अनेक हेडसेट थेट ४५ वर उतरून मधल्या फ्रेम स्वतः बनवायला लागतात. आरसे चालू असताना वळणावर दृश्य थरथरतं, विमानांच्या कडा वितळल्यासारख्या होतात, ते यामुळे.

व्हीआरमध्ये आरशांची अडचण तेवढ्यावर थांबत नाही. खऱ्या आरशात चौकट हाताच्या अंतरावर असते, पण आतलं दृश्य दूर असतं, आणि दोन डोळे ते दूरच ठेवून बघतात. इथे एकच चित्र दोन्ही डोळ्यांना मिळतं आणि ते काचेवर चिकटवलेल्या छायाचित्रासारखं सपाट दिसतं. मॉनिटरवर बसलेल्याला हा दोष कळतच नाही. हेडसेट घालणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतो. क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये अंशाला साधारण २५ पिक्सेल मिळतात, म्हणजे तपशील मॉनिटरच्या जवळपासच, फायदा फारसा नाही. हेडसेटवाल्यांनी आरसे बंद ठेवून उडावं, उतरताना किंवा हवेत इंधन देणाऱ्या टँकर विमानापासून सुटताना गरज पडली तर क्षणभर चालू करावेत. त्यासाठी कंट्रोल्समध्ये ‘मिरर्स’ शोधून ते थ्रॉटलवरच्या एखाद्या मोकळ्या बटणाला बांधा. हेडसेट घातल्यावर कीबोर्डावरचा एम चाचपडत शोधावा लागतो आणि शेजारची कळ दाबली जाते.

आरसे दरवेळी आपोआप चालू होऊ नयेत असं वाटत असेल तर ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएस फोल्डरात ‘कॉन्फिग’ आहे, त्यात ‘ऑप्शन्स’ नावाची लुआ फाइल. तिच्यात ‘व्ह्यूज’खाली ‘कॉकपिट’ आणि तिथे ‘मिरर्स’ सापडेल. ते फॉल्स करा. खेळ बंद असतानाच करा, नाहीतर बाहेर पडताना खेळ जुनी किंमत परत लिहून टाकतो. आधी सांगितलेल्या पाटीच्या तक्त्यात मात्र उगाच बोटं घालू नका. विकत घेतलेल्या अनेक विमानांच्या त्या फाइली कुलूपबंद असतात. ज्या उघडतात त्या बदलल्या की मूळ, न बदललेल्या स्क्रिप्टचा आग्रह धरणारे सर्व्हर आत घेत नाहीत. बदलून फसलात तर डीसीएसचं रिपेअर मूळ फाइल परत आणतं.

विमानागणिक बोलायचं तर हॉर्नेट आरशांचा सर्वांत जास्त उपयोग करून देणारं विमान आहे. त्याचा एअर ब्रेक दोन उभ्या शेपट्यांच्या मधे पाठीवर उघडतो, तेव्हा तो खरंच उघडला का हे आरशात दिसतं. नौकेच्या कॅटापुल्टवर उभं असताना मागे ज्वाळा अडवणारी पाटी उठली का, हेही दिसतं. इथे आरसा शोभेचा राहत नाही, उड्डाणाच्या तपासणीचा भाग होतो. हीटब्लर कंपनीने बनवलेल्या एफ-१४ मध्ये पंख २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे सरकताना आरशात बघणं हा निव्वळ आनंद आहे. उपयोग बेताचा, कारण पंखांची स्थिती सांगणारा मापक डोळ्यासमोर आहेच. पण विमान विकत घेण्याच्या कारणांत हेही एक धरायला हरकत नाही.

एफ-१६सी मध्ये प्रश्नच उद्भवत नाही. समोर कमान नसलेली एकसंध कॅनॉपी आहे आणि डीसीएसच्या एफ-१६ ला, म्हणजे व्हायपरला, आरसेच नाहीत. ‘माझ्या व्हायपरचे आरसे चालत नाहीत’ म्हणून सेटिंग धुंडाळणाऱ्यांनी एवढं वाचून थांबावं.

मिग-२९ च्या कमानीवर तीन आरसे आहेत. एकसंध पाटीची वर सांगितलेली विसंगती इथे उठून दिसते, कारण तिन्ही आरसे एका नजरेत येतात. उतरल्यावर ब्रेक पॅराशूट फुललं का ते मात्र छान कळतं. गोव्याच्या हंसा तळावरची नौदलाची मिग-२९के डोळ्यासमोर ठेवून हे विमान घेणाऱ्यांनी जपून घ्यावं. डीसीएसमधलं मिग-२९ हे जमिनीवरून उडणारं जुनं रूप आहे. नौकेवर उतरताना तार पकडणारा हुक आणि दुमडणारे पंख त्यात शोधू नयेत.

आपल्याकडच्या वाचकांना जवळचं वाटेल ते मिग-२१बिस. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या घराण्याला निरोप दिला. आपल्याकडची अनेक मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली होती. या विमानात मागचं बघायची सोयच वेगळी आहे. पाठीवरचा फुगलेला कणा आणि खुर्चीमागचं चिलखत यांमुळे मान वळवून काही दिसत नाही, म्हणून कॅनॉपीच्या माथ्यावर पेरिस्कोप बसवलेला असतो. डोळा वर केला की कण्याच्या वरून मागचं दिसतं. सिम्युलेटरमध्ये ही सोय आरशाच्याच यंत्रणेवर चालते आणि इतर विमानांपेक्षा जास्त पटते. खुर्ची न दिसण्याची जी सवलत इतरत्र खोटी वाटते ती इथे रास्त आहे, कारण खरा पेरिस्कोपही खुर्चीच्या वरूनच बघतो. शिवाय चौकट एकच, त्यामुळे तुकडे जोडल्याची भावना येत नाही. धावपट्टीवर टेकल्यावर शेपटीच्या बुंध्यातून पॅराशूट सुटलं की नाही हे बघायलाही तो बरा. फक्त हेड ट्रॅकरची वर बघण्याची मर्यादा आधी तपासा. डोक्याच्या हालचालीला नजर किती हलावी ते ठरवणारी वक्ररेषा फार तीव्र ठेवली असेल तर नजर पेरिस्कोपवर थांबतच नाही, पुढे निघून कॅनॉपीच्या काचेला भिडते.

नवीन विमान घेण्याआधी आरसे तपासायचे असतील तर पैसे घालायची गरज नाही. स्टीमबाहेरच्या स्वतंत्र आवृत्तीत बहुतेक विमानं १४ दिवस फुकट वापरून बघता येतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. त्या मुदतीत चार चाचण्या करा, एकूण वीस मिनिटांचं काम आहे. रात्री पंखांच्या टोकांचे दिवे लावा. डाव्या पंखाचा लाल दिवा आरशातही डावीकडेच दिसायला हवा. उजवीकडे दिसला तर चित्र उलटवलेलं नाही, नुसत्या मागच्या कॅमेऱ्याचं फुटेज चिकटवलंय. दिवसा शेपटीवरचे आकडे बघा, ते उलटे वाचता यायला हवेत. मग डोकं १० सेंटिमीटर डावीकडे सरकवा. ६० सेंटिमीटरवरच्या खऱ्या आरशात दृश्य नऊ-साडेनऊ अंशांनी सरकतं, तेव्हा शेपटी आरशाच्या चौकटीत जागा बदलते का ते बघा. हलली नाही तर ते पोस्टर आहे. ही चाचणी हेड ट्रॅकरच्या फक्त फिरवणाऱ्या अक्षांवर होत नाही, सरकवणारे अक्ष चालू लागतात. शेवटी एखादं मित्रविमान मागे ५०० मीटर, १ किलोमीटर, २ किलोमीटर अशा अंतरांवर ठेवून एडिटरमध्ये छोटी मोहीम बनवा, आणि ते कुठपर्यंत आरशात ओळखू येतं ते आपल्याच पडद्यावर मोजा. आपला मॉनिटर १९२० पिक्सेलचा असेल तर वरचे सगळे पडद्याचे आकडे तीन चतुर्थांश धरा.